सात मात्रा आणि अकरा अभिप्राय

पत्र : रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हची पियानोसाठीची सातवी सोनाटा गेल्या महिन्यात मुंबईत पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवली. मी पुण्याची, वय सव्वीस. सराव घरच्या उभ्या अपराइट पियानोवर, कार्यक्रम मोठ्या, आडव्या ग्रँड पियानोवर. पहिल्या भागात रस्ता चुकले, जवळजवळ एक पान गळालं, पण सावरलं. तिसरा भाग संपला आणि लोक उभे राहिले. मग अभिप्राय सुरू झाले. सर एवढंच म्हणाले, "पेडल." एक ज्येष्ठ पियानोवादक म्हणाल्या, "शेवट धुरकट झाला." पहिल्या रांगेतल्या काकांचे कान दुखले. तबला वाजवणारा मित्र म्हणाला, "सात मात्रा म्हणालीस, मला तर साडेसहाच ऐकू आल्या." कुणाला दुसरा भाग सिनेमातल्यासारखा गोड वाटला, कुणाला शेवटी मी दमलेली दिसले. आत्या म्हणाली, "हात काय चालतात गं तुझे! पण यात सूर कुठे होता?" अकरा जणांची मतं वहीत लिहून ठेवली आहेत, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. ध्वनिमुद्रणात तिसऱ्या भागाला ३ मिनिटं २ सेकंद लागले. ऑगस्टमध्ये पणजीत हीच सोनाटा पुन्हा वाजवायची आहे. कुणाचं ऐकू?

उत्तर : आधी तबलजी मित्राचं ऐका.

बाकीच्यांनी त्यांना काय वाटलं ते सांगितलं. मित्राने काय मोजलं ते सांगितलं. आणि त्याचं म्हणणं खरं धरून चाललं तर 'धुरकट', 'दमलेली' आणि सरांचं 'पेडल' (स्वर लांबवणारी पायपट्टी) ही तिन्ही मतं त्याच एका ठिकाणी येऊन मिळतात. ताप आलाय हे पेशंट बरोबर सांगतो; तो कशाने आला हे शोधणं डॉक्टरचं काम. इथे डॉक्टर तुम्हीच आहात आणि तपासायला हातात ध्वनिमुद्रण आहे.

तिसरा भाग, प्रेचिपितातो, ७/८ मध्ये आहे, म्हणजे एका बारमध्ये (लयीच्या एका घरात) सात मात्रा, आणि त्या सातांची विभागणी २-३-२ अशी आहे. आपल्याकडे सात म्हटलं की रूपक आठवतो, आणि रूपक ३-२-२ चा. तबला न शिकलेल्या माणसाच्या अंगातही तो भजनं-भावगीतं ऐकून मुरलेला असतो. त्यामुळे दोन चुका होतात. एक म्हणजे वजन नकळत पहिल्या तिनावर जातं आणि बारचा तोलच बदलतो. दुसरी चूक जास्त फसवी आहे. वेग वाढला की मधले तीन अडीचच्या जागेत कोंबले जातात. स्वर सगळे वाजतात, एकही गळत नाही, पण बार अर्ध्या मात्रेने आखूड होतो. मित्राला साडेसहा ऐकू आल्या त्या अशा. कानाने इतकं नेमकं सांगणारा श्रोता मिळणं भाग्याचं आहे, त्याला सोडू नका.

हे पडताळून बघा. ध्वनिमुद्रण अर्ध्या वेगाने लावा, पियानोकडे दुर्लक्ष करा आणि फक्त 'तक-तकिट-तक' म्हणत टाळी द्या. 'तकिट' म्हणताना जीभ अडखळली, तर तिथे तीन पूर्ण नाहीत. डाव्या हातात बी फ्लॅट, सी शार्प, बी फ्लॅट ही खूण सारखी येत राहते. तिच्यातली अंतरं ऐका. ती प्रत्येक बारमध्ये तीच राहिली नसतील तर उजव्या हाताने काहीही केलं तरी उपयोग नाही.

आता वेग. या भागात सुमारे पावणेदोनशे बार आहेत. ३ मिनिटं २ सेकंदांत ते संपले, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५८ बार, म्हणजेच मिनिटाला चारशेहून जास्त मात्रा. बहुतेक नामांकित ध्वनिमुद्रणांत हा भाग तीन मिनिटं दहा सेकंद ते पावणेचार मिनिटं एवढा वेळ घेतो. तुम्ही त्या टोकाच्याही पुढे गेलात, तेही पहिल्यांदा आणि अनोळखी वाद्यावर. प्रेचिपितातो म्हणजे उतारावरून झेपावल्यासारखं. तो शब्द वेगाचा आकडा सांगत नाही, चालीचा स्वभाव सांगतो. उतारावर धावणाऱ्याचं प्रत्येक पाऊल जमिनीला टेकलेलं दिसलं तरच बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

एक हिशेब करा. ध्वनिमुद्रणातले पहिले वीस बार किती सेकंदांत झाले ते बघा, मग शेवटच्या पानाच्या आसपासचे वीस बार. मिनिटाला ५२ बारांच्या वेगाने वीस बारांना २३ सेकंद लागतात. सुरुवात २० सेकंदांत आणि शेवट २४ सेकंदांत झाला असेल, तर 'दमलेली दिसली' म्हणणाऱ्याने नुसता चेहरा पाहिला नव्हता, हातही ऐकला होता. रंगमंचावर छाती धडधडत असते आणि नेहमीचा वेग संथ भासतो, म्हणून आपण तो वाढवतो. पहिल्या पानावर तो झेपतो. शेवटच्या पानावर, जिथे तीच कल्पना जाड कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक स्वर) आणि लांब उड्यांसकट परत येते, तिथे झेपत नाही. मग उड्या चुकू नयेत म्हणून मनगट घट्ट होतं, मनगट घट्ट झालं की आवाज कोरडा आणि कडक होतो, तो झाकायला पाय पेडलवर जातो आणि तिथेच राहतो. सरांचा 'पेडल' आणि ज्येष्ठ बाईंचा 'धुरकट' तिथून आला.

म्हणून वेग ठरवताना सुरुवात मनात आणू नका. दुसरा भाग संपल्यावर हात चाव्यांवर ठेवा, पाच-सहा सेकंद घ्या आणि शेवटच्या पानातल्या सर्वांत अवघड उडीचे दोन बार मनात म्हणा. ते ज्या चालीत स्वच्छ वाजतात तीच पहिल्या बारची चाल. पणजीसाठी मिनिटाला ४८ ते ५२ बार हे लक्ष्य ठेवा. भाग साडेतीन मिनिटांच्या आसपास संपेल. ऐकणाऱ्याला तो संथ वाटणार नाही, उलट जास्त भीतिदायक वाटेल, कारण सात मोजता येतील.

सरावाचा क्रम असा. पहिले दोन आठवडे मूळ वेगाने एकदाही वाजवायचं नाही. मेट्रोनोम (लयीचे टोले देणारं यंत्र) मात्रेला एक टोला, १६८ वर, म्हणजे मिनिटाला २४ बार. तोंडाने तक-तकिट-तक म्हणायचं. म्हणता येत नसेल त्या दिवशी वाजवायचं नाही. हाताच्या हालचाली बारमागे सात नकोत, तीनच हव्यात : प्रत्येक गटाला हाताचा एक झोका, त्यातले बाकीचे स्वर त्याच झोक्याच्या उसळीवर. मधल्या तिनाच्या शेवटच्या स्वराला मनगट किंचित वर येऊ द्या. श्वास घ्यायची जागा तीच आहे. ती मिळाली की तीन कोंबले जात नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून बारला एक टोला, ३२ पासून, रोज दोनने वाढवत ४६ पर्यंत. त्यानंतर कसोटी : मेट्रोनोम २५ वर ठेवायचा आणि दोन बारांना एकच टोला धरायचा. बारला टोला असतो तेव्हा कान फट पटकन सांधून घेतो. दोन बारांना असला की गहाळ झालेली अर्धी मात्रा लगेच उघडी पडते. मेट्रोनोम इतका खाली येत नसेल तर १०० वर ठेवून दर चौथा टोला धरा.

पूर्ण वेगाने आणि पूर्ण आवाजात अख्खा भाग दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तोही पाचव्या आठवड्यापासून. बाकी सगळा सराव मध्यम आवाजात. पुढचा हात जड झाला किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तिथेच थांबा. तो अशक्तपणा नाही, चुकीच्या हालचालीची खूण आहे, आणि तशीच रेटली तर ती हालचाल पक्की होते. पियानोवादक रिख्टरने ही सोनाटा चार दिवसांत बसवली होती, ही त्यानेच सांगितलेली गोष्ट तुमच्या कानावर आली असेलच. ती डोक्यातून काढून टाका.

अपराइटचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिलाय, पण महत्त्वाचा आहे. अपराइटमध्ये तोच स्वर पुन्हा वाजवायला चावी जवळपास पूर्ण वर यावी लागते. ग्रँडमध्ये ती निम्मी वर आली तरी हातोडी तारेवर पुन्हा मारायला तयार असते. अपराइटवर हजार वेळा सराव झाला की हात गरजेपेक्षा उंच उचलायची सवय लागते, आणि ग्रँडवर ती उंची निव्वळ वाया जाते, वेळही आणि ताकदही. शिवाय चावी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते आणि तळाला टेकण्याच्या जरा आधीच हातोडी सुटलेली असते. त्यानंतर कितीही दाबलं तरी स्वर मोठा होत नाही, फक्त दंड भरून येतो. पुण्यात आठवड्यातून एक तास तरी ग्रँड मिळवा, शाळा, चर्च, कुणाचं घर, कुठेही. त्या तासात संपूर्ण सोनाटा वाजवू नका. फक्त पुनरावृत्त कॉर्ड चाव्यांना चिकटून, कमी उंचीवरून वाजवायला शिका.

पेडलसाठी रंगीत पेन्सिल घ्या आणि तिसऱ्या भागात पाय कुठे खाली जातो ते प्रत्येक बारवर लिहून काढा. लिहिता आलं नाही तर पाय आपल्या मर्जीने चालतोय असं समजा. मग एक आठवडा पेडलशिवाय. कोरडं आणि उघडं वाटेल, वाटू दे. त्यानंतर पेडल फक्त तीन कामांसाठी परत आणा : लांब उडीतला खालचा स्वर क्षणभर धरायला, एखाद्या कॉर्डच्या ठोक्याला वजन द्यायला, आणि शेवटच्या काही बारांत. पाय अर्धाच खाली न्यायची सवय ठेवा. तीनचतुर्थांश खोलीला एका वाद्यावर जे मिळतं ते दुसऱ्यावर अर्ध्यालाच मिळतं, म्हणून हॉलच्या पियानोवर बसल्याबरोबर पहिली दोन मिनिटं फक्त पेडल कुठे 'पकडतं' ते शोधण्यात घालवा.

काकांचे कान दुखले, हे एकट्याचं मत आहे आणि ते पहिल्या रांगेत बसले होते. तिथे हातोडीचा थेट आघात पोचतो, हॉलमध्ये मिसळून गोल झालेला आवाज पोचत नाही. सहाव्या-सातव्या रांगेपासून मागे कुणी कर्कश म्हणालं असेल तरच याकडे दोष म्हणून बघा. तसं असेल तर कारणं दोन. एक, सगळंच कमाल आवाजात वाजलं. सोनाटाच्या नकाशावर तीनच ठिकाणं निवडा जिथे खरोखर सगळं द्यायचं आहे, आणि तिसऱ्या भागाची सुरुवात त्यात नको. दुसरं कारण वाद्याचं : हातोड्यांचं नमदं वाजून वाजून कडक झालेलं असतं. तंत्रज्ञ ते सुयांनी मऊ करू शकतो, पण कार्यक्रमाच्या दिवशी नाही, दोन-तीन दिवस आधी सांगावं लागतं.

मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण असेल तर एक सावधगिरी बाळगा. फोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि लहान आवाज उचलतो. त्यामुळे त्यावरून लय, स्वच्छता, चुकलेले स्वर, पेडलचा गोंधळ हे सगळं तपासता येतं, पण आवाजाचे चढउतार तपासता येत नाहीत. "मी तर सुरुवात हळूच केली होती, ऐकू का येत नाही?" असा घोळ अनेकांचा होतो. पणजीत एक रेकॉर्डर दहाव्या रांगेत ठेवा, आणि त्यावर आवाजाची पातळी आपोआप बदलण्याची सोय बंद करून ठेवा.

दुसऱ्या भागाच्या गोडव्याबद्दल. आंदान्ते कालोरोसो म्हणजे ऊब असलेलं. ई मेजरमधली ती सुरावट सुरुवातीला मधल्या पट्टीत असते, पुरुषी आवाजाच्या जागी, आणि भोवती बाकीचे स्वर असतात. वरचे स्वर ऐकायला सोपे म्हणून वादक नकळत तेच पुढे आणतो, मूळ गाणं खाली राहतं आणि वरती साखर पसरते. दुसरं कारण म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडं रेंगाळणं. एकदा रेंगाळलं तर भावना, सहा वेळा रेंगाळलं तर सिनेमा. फक्त मधली सुरावट वेगळी काढून गळ्याने गा; श्वास कुठे लागतो तिथेच थांबा, बाकी कुठेही नाही. हा भाग साधेपणाने सुरू झाला, तरच मध्यावर तो चढत जातो आणि घंटेसारखे तेच ते स्वर आदळायला लागतात तेव्हा ऐकणारा हादरतो. आणि शेवटी ती पहिली सुरावट परत येते ती अगदी थोडकी, तुटकी. तिथे तिला सजवू नका. या सोनाटातली सर्वांत दुःखी जागा ती आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ती बहुतेक मैफलींत तिसऱ्या भागाच्या तयारीत वाया जाते.

पहिल्या भागात पान कुठे गळालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अंदाज बांधता येतो. आंदान्तीनो नावाचा संथ तुकडा दोनदा येतो, पहिल्यांदा सविस्तर, दुसऱ्यांदा आखडून. सुरुवातीची अस्वस्थ, जलद अलेग्रोची कल्पना मात्र त्या दुसऱ्या येण्याआधी रीतसर परतत नाही, ती शेवटाकडेच येते. त्यामुळे शाळेत शिकलेला सोनाटाचा साचा इथे आधार देत नाही, आणि एका आंदान्तीनोतून दुसऱ्याच्या वाटेला लागणं सहज होतं. उपाय : दोन्ही जागांमधला पहिला वेगळा बार शोधा, त्याच्या खालच्या स्वराचं नाव मोठ्याने म्हणा, आणि दोन्ही वळणं लागोपाठ, एकामागून एक, आलटून पालटून वाजवा. याशिवाय संपूर्ण सोनाटात वीस-बावीस ठाणी ठरवा, जिथून कधीही, कुणी टाळी वाजवली की, सुरू करता येईल. घरच्यांना टाळी वाजवायला सांगा. कोऱ्या कागदावर प्रत्येक ठाण्याचा डावा हात लिहून काढता आला, तर ते पक्कं. बोटांची आठवण छाती धडधडायला लागली की पहिली पळते. आणि स्कोअर (स्वरलिपीची पानं) समोर ठेवून वाजवायचं ठरवलंत तरी त्यात कमीपणा नाही. रिख्टर स्वतः उतारवयात कायम स्कोअर ठेवूनच वाजवत असे. फक्त तसं करायचं तर आजपासून तसाच सराव करा, पानं उलटणाऱ्यासकट.

आता आत्या. त्यांचं मत हा दोष नाही आणि त्यावर वादही घालू नका. त्यांनी एक अगदी प्रामाणिक प्रश्न विचारला. षड्जाला धरून बसणाऱ्या कानाला या संगीतात पाय ठेवायला जागा मिळत नाही. ती जागा वाजवण्याआधी दाखवता येते. दोन मिनिटं बोला, त्यापेक्षा जास्त नाही. डाव्या हाताची ती तीन स्वरांची खूण वाजवून दाखवा आणि सांगा की शेवटच्या भागात ही सतत ऐकू येईल, तिला धरून राहा. दुसऱ्या भागाची सुरावट एकदा, एका बोटाने वाजवून दाखवा. मग थोडा काळ सांगा : प्रोकोफिएव्हने सहावी, सातवी आणि आठवी या तिन्ही सोनाटांची सुरुवात १९३९ मध्ये केली, सातवी १९४२ मध्ये पुरी झाली आणि १८ जानेवारी १९४३ ला मॉस्कोत रिख्टरने ती पहिल्यांदा वाजवली. तिला त्याच वर्षी स्टालिन पारितोषिकही मिळालं.

इथे एक मोह टाळा. या तिन्ही सोनाटांना 'युद्ध सोनाटा' म्हणतात, आणि त्या नावामुळे तिसरा भाग म्हणजे रणगाडे, पहिला म्हणजे बॉम्बहल्ला, असं वर्णन सर्रास केलं जातं. पण सोव्हिएत संघावर जर्मनीचा हल्ला झाला २२ जून १९४१ ला, आणि आराखडे त्याच्या दोन वर्षं आधीचे. १९३९ च्या जूनमध्ये प्रोकोफिएव्हचा जवळचा सहकारी, नाट्यदिग्दर्शक मेयरहोल्ड याला अटक झाली. २ फेब्रुवारी १९४० ला त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच १९३९ च्या अखेरीस स्टालिनच्या साठाव्या वाढदिवसासाठी प्रोकोफिएव्हची गौरवपर रचना सादर झाली. त्या अस्वस्थतेत हे सुरू झालं एवढं सांगितलं तरी पुरे, रणगाड्यांची गरज नाही. ऐकणाऱ्याला चित्र दिलंत तर तो चित्रच बघत बसतो आणि 'यात सूर कुठे' हा चांगला प्रश्न विचारायचं विसरतो.

लोक उभे राहिले याचा आनंद जरूर ठेवा, पण तो पुरावा धरू नका. हा शेवट निम्मे स्वर चुकवून वाजवला तरी लोक उठतात. तसंच, जाणकारांच्या मतांमागे एखादं जुनं ध्वनिमुद्रण उभं असतं. पियानोवादक होरोविट्झ ऐकून वाढलेल्याला एक सोनाटा ऐकू येते, पोलिनी ऐकून वाढलेल्याला दुसरी. ज्येष्ठ बाईंना विचारा की त्यांच्या कानात कुणाची आहे. उत्तराने त्यांचं 'धुरकट' जास्त नीट समजेल.

पणजीनंतर अभिप्राय गोळा करायची पद्धत बदला. त्या रात्री फक्त 'थँक यू' म्हणायचं आणि जेवायचं. दुसऱ्या दिवशी कुणाशीही बोलण्याआधी स्वतःला काय आठवतं ते लिहा, मग एकदा ध्वनिमुद्रण ऐका, मग लोकांना फोन करा. "कसं झालं?" विचारलं की "छान" येतं. पाच जणांना आधीच एकेक काम द्या : एकाने फक्त दुसऱ्या भागात मधली सुरावट कुठे हरवली ते बघायचं, एकाने पहिल्या भागात कुठे कंटाळा आला ते मिनिटासकट लिहायचं, एकाने शेवटच्या रांगेत बसायचं. कोण कुठे बसलं होतं ते मतासमोर लिहून ठेवा. एकमेकांशी न बोललेल्या तिघांनी एकच जागा दाखवली तर ती बदला. एकानेच दाखवली तर ध्वनिमुद्रण काय म्हणतं ते बघा. आणि 'पेडल' म्हणून थांबलेल्या सरांकडे स्कोअर घेऊन जा, पेन्सिल त्यांच्या हातात द्या. कुठल्या बारमध्ये, एवढंच विचारा.

ऑगस्टमधल्या पणजीसाठी वाद्याचा विचार आधी करा. पियानोला साधारण ४५ ते ६० टक्के आर्द्रता मानवते. तिथे पावसाळ्यात हवेत त्याहून कितीतरी जास्त ओल असते. लाकूड फुगतं, ध्वनिफलक वर उचलला जातो आणि वाद्य चढं होतं, मधला भाग जास्त चढतो आणि टोकं कमी, त्यामुळे नुसतं चढत नाही, बिघडतं. नमदं आणि चाव्यांची बिजागरं ओल धरतात आणि चावी सुस्तपणे वर येते. पुनरावृत्त कॉर्डना ते मारक. आयोजकांना आत्ताच लिहा : कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापासून एसी त्याच तापमानावर चालू हवा, ट्यूनिंग एसी चालू झाल्यावर कमीत कमी काही तासांनी, आधी नाही. एसी फक्त कार्यक्रमापुरता लावला तर सकाळी सुरेल लावलेलं वाद्य संध्याकाळी सरकलेलं असतं. सोनाटा पहिल्या सत्राच्या शेवटी ठेवा आणि मध्यंतरात ट्यूनरला दहा मिनिटं द्या, कारण प्रेचिपितातोनंतर काही जोडतारा (एकाच स्वराच्या तारा) सरकतातच. दुसऱ्या सत्रात शुबर्टसारखं नाजूक काही असेल तर हे टाळता येणार नाही. कार्यक्रम या सोनाटाने उघडू मात्र नका. थंड हातांनी पहिल्या भागाचं ते अस्वस्थ 'इन्क्वियेतो' सुरूच होत नाही.

तार तुटली तर? वरच्या पट्टीत एका स्वराला तीन तारा असतात, एक गेली तरी दोन वाजतात. वाजवत राहा. पण तुटलेली तार शेजारच्या तारांवर पडून खडखडत असेल तर दोन भागांच्या मधल्या जागेत उठा, तंत्रज्ञाला बोलवा, ती काढू द्या. लोक शांतपणे थांबतात. पियानोच्या चाकांचे ब्रेक लावलेले आहेत का आणि स्टूल गुळगुळीत फळ्यांवर सरकतंय का, हे रंगीत तालमीतच बघा. तिसऱ्या भागात स्टूल दोन बोटं मागे सरकलं की सगळ्या उड्या दोन बोटं आखूड पडतात, आणि दोष मग उगाच सरावाच्या माथी जातो.

मित्राला पणजीला घेऊन जा. त्याला दहाव्या रांगेत, रेकॉर्डरशेजारी बसवा आणि तिसऱ्या भागात मांडीवर बोटाने फक्त २-३-२ धरायला सांगा. जिथे त्याचं बोट तुमच्यापासून सुटेल, त्या जागेचा आकडा त्याने लिहून आणायचा.